ईआरजीच्या खुर्चीत बसण्याआधी औषधांची पिशवी उघडा

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतले एक काका आमच्याकडे ईआरजीसाठी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या विद्युत तपासणीसाठी आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, चष्म्याचा नंबर नीट, तरी "सगळं धुवट दिसतं" ही तक्रार. सहा वर्षांपासून पार्किन्सन, त्याआधीपासून साखर. मी फॉर्मवर लिहिलं, "मधुमेह, पार्किन्सन, औषधे चालू." एवढंच. तपासणीत पॅटर्न ईआरजीची लाट अगदी बुटकी आली, बी-वेव्हही खाली (ही नावं पुढे उलगडते). तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितली, तर दोन्ही लाटा चांगल्याच वर. मधल्या काळात डोळ्यावर कोणताच उपचार झाला नव्हता.

त्यांच्या सूनबाईंना शेजारी बसवून विचारलं तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वेळी तपासणी आहे म्हणून घरच्यांनी सकाळची लेव्होडोपाची, म्हणजे शरीरात जिचं डोपामिन बनतं ती पार्किन्सनची गोळी दिलीच नव्हती. आदल्या रात्रीच्या गोळीवरच काका दुपारी बारापर्यंत होते. शिवाय पोट फुगतं म्हणून एक कॅप्सूल रोज चालू होती, तिच्यात लेव्होसल्पिराइड हे डोपामिन अडवणारं औषध होतं. दुसऱ्या वेळी गोळी वेळेवर घेतलेली आणि ती कॅप्सूल फिजिशियननी बंद केलेली. दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे लाट कशाने वाढली हे आता कुणीच सांगू शकत नाही. मी पहिल्याच दिवशी चार ओळी जास्त लिहून घेतल्या असत्या, तर सांगता आलं असतं.

मी इंदूरमध्ये चौदा वर्षं डोळ्यांच्या विद्युत तपासण्या करते. त्या दिवसापासून मी औषधाचं नाव आणि शेवटच्या गोळीची वेळ घेतल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. हा लेख ज्यांच्या घरात पार्किन्सनचा किंवा मानसिक आजाराच्या औषधांवरचा माणूस आहे आणि त्याला ईआरजी सांगितली आहे, त्यांच्यासाठी आहे. माझ्यासारखं हे काम करणाऱ्या मुलामुलींनाही उपयोगी पडेल.

पडद्यात डोपामिनचं काम काय

डोपामिन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारं एक रसायन, म्हटलं की लोकांना मेंदू आठवतो. पण डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला तुकडा आहे आणि त्याचं डोपामिन तो स्वतः बनवतो. पडद्याच्या आतल्या थरात अमॅक्राइन नावाच्या पेशी असतात. त्यांतल्या फार थोड्या पेशी डोपामिन सोडतात, पण त्यांचे धागे सगळ्या पडद्यावर जाळ्यासारखे पसरलेले असतात. उजेड पडला की डोपामिन वाढतं. अंधार झाला की ते उतरतं आणि मेलाटोनिन चढतं.

मी शिकाऊ मुलांना हे गणपतीच्या वर्गणीवरून सांगते. अंधारात प्रत्येक पेशीच्या वाट्याला प्रकाश इतका थोडा येतो की एकटीचं भागत नाही. मग शेजारच्या पेशी आपापसातल्या छोट्या खिडक्या उघडतात आणि आपला संदेश एकत्र गोळा करतात. त्यामुळे मंद उजेडातही काहीतरी दिसतं, पण बारकावे पुसले जातात. दिवस उजाडला की डोपामिन येऊन वर्गणीचं पुस्तक बंद करतं. खिडक्या मिटतात, प्रत्येकीचा हिशेब वेगळा होतो आणि कडा, अक्षरं, साडीच्या काठाची नक्षी स्पष्ट दिसू लागते. डोपामिन कमी पडलं तर भर दुपारीही पडदा काही अंशी वर्गणीवरच चालतो. पार्किन्सनमध्ये फिकट रंगांतला, कमी उठावाचा फरक ओळखू येत नाही, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. काकांचं "धुवट" मला तेव्हा कळायला हवं होतं.

ईआरजी म्हणजे प्रकाशाला पडद्याने दिलेल्या विजेच्या उत्तराचा आलेख. स्वीडनच्या होल्मग्रेन यांनी १८६५ साली बेडकाच्या डोळ्यात हे उत्तर पाहिलं. पुढे ग्रॅनिट यांनी त्यातले घटक वेगळे केले. १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आलेखात आधी एक खड्डा येतो, ती ए-वेव्ह, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. मग उंच चढ येतो, ती बी-वेव्ह, मुख्यतः त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशींची. त्या चढावर बारीक दातेरी लहरी असतात. त्यांना ऑसिलेटरी पोटेन्शियल म्हणतात आणि त्यांचा उगम अमॅक्राइन पेशींच्या थराजवळ आहे. पॅटर्न ईआरजी वेगळी. तीत लखलखाट नसतो, बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन जागा बदलत राहतात आणि उत्तर येतं ते मुख्यतः पडद्याच्या सर्वांत आतल्या पेशींचं.

आता औषधांकडे. हॅलोपेरिडॉल किंवा सल्पिराइडसारखी डोपामिनची वाट अडवणारी औषधं दिल्यावर माणसांमध्ये बी-वेव्ह आणि पॅटर्न ईआरजी खाली गेल्याची नोंद आहे. ए-वेव्हवर परिणाम त्या मानाने थोडा. पार्किन्सनच्या रुग्णांत पॅटर्न ईआरजी मुळातच बुटकी असू शकते आणि लेव्होडोपाने ती सुधारू शकते. निरोगी माणसाला लेव्होडोपा दिली तर काय होतं, यावर मात्र सगळे अभ्यास एका दिशेला बोट दाखवत नाहीत. उजेड किती, मात्रा किती, चौकोन केवढे, यावर उत्तर पालटतं. मला सगळ्यांत पटलेला पुरावा १९९० चा आहे. पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांच्या पडद्यांत डोपामिन मोजलं, तेव्हा ते कमी भरलं; पण मृत्यूच्या काही तास आधी ज्यांना लेव्होडोपा मिळाली होती, त्यांच्यात ते पार्किन्सन नसलेल्यांच्या बरोबरीचं होतं. गोळी डोळ्यापर्यंत पोचते आणि किती वाजता पोचली याला किंमत आहे, हे त्यातून सरळ दिसतं.

पहिली पायरी: पिशवी ओटा-टेबलावर रिकामी करा

"काय औषधं चालू आहेत?" असं विचारलं की लोक मोठ्या आजाराची दोन नावं सांगतात. पोटाची, चक्करची, झोपेची, वैद्यांची ही त्यांच्या लेखी औषधं नसतातच, आणि नेमकी तीच घोळ घालतात. म्हणून यादी आठवून लिहू नका. घरातली सगळी पाकिटं एका जागी ओता आणि एकेक उलटून वाचा.

पार्किन्सनच्या गोळ्या तर लिहायच्याच: लेव्होडोपा-कार्बिडोपा, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रसॅजिलिन, सेलेजिलिन, अमँटाडिन, ट्रायहेक्सिफेनिडिल. मानसिक आजाराच्या गोळ्यांत हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन आणि त्यांच्या भावंडांची नोंद करा. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असेल तर त्याची शेवटची तारीख लिहा. लोक गोळ्या मोजतात, इंजेक्शन विसरतात. प्रोलॅक्टिनसाठीची कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन, मुलांच्या चंचलतेसाठीची मिथाइलफेनिडेट, सिगारेट सोडायला दिलेली बुप्रोपियन, हीसुद्धा डोपामिनच्याच गल्लीतली.

आता पोटाकडे या. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोलच्या जोडीला पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामिन अडवतं, पडद्यात आणि मेंदूत दोन्हीकडे, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर पार्किन्सनसारखा कंपही आणू शकतं. उलटीची मेटोक्लोप्रामाइड त्याच जातीची. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, तरी लिहा. चक्करसाठीची सिनॅरिझिन आणि अर्धशिशीसाठीची फ्लुनॅरिझिन यांचाही डोपामिनला अडथळा होतो.

मग जडीबुटी. कौंचाच्या बियांत, म्हणजे आपल्या खाजकुइलीत, खरोखरच लेव्होडोपा असते. आमच्याकडे हिवाळ्यात कौंचपाक आणून खाणारी मंडळी कमी नाहीत. सर्पगंधेत रेसर्पिन असतं आणि ते डोपामिनचा साठाच रिकामा करतं. एका मावशींनी झोपेसाठी सर्पगंधेची वटी चालू असल्याचं मला तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, तेही "ते काही औषध नाही गं, आयुर्वेदिक आहे" म्हणून.

नावं लिहिताना कंपनीचं नाव पुरेसं नाही. दवा बाजारातून आणलेल्या दोन महिन्यांच्या दोन पाकिटांवर वेगवेगळी नावं असू शकतात, आत औषध तेच. पाकिटामागच्या बारीक अक्षरांतलं मूळ औषध आणि मिलिग्रॅम उतरवून घ्या. वाचता येत नसेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. पट्टी अशी कापू नका की नावाचा भाग आधी संपेल.

डोपामिनशी संबंध नसलेली पण पडद्यावर परिणाम करणारी औषधंही असतात. सांधेदुखीची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि फिट्सची विगाबॅट्रिन ही त्यांतली प्रमुख. तीही यादीत घाला.

दुसरी पायरी: औषध बंद करायचं नाही

हे मी रागावून सांगते, कारण दर महिन्याला कुणीतरी करून येतं. ईआरजी म्हणजे रक्ताची उपाशीपोटी तपासणी नव्हे. लेव्होडोपा अचानक थांबवली तर अंग ताठून ताप चढू शकतो, शुद्ध हरपू शकते, जिवावर बेतू शकतं. मानसिक आजाराची गोळी चार दिवस सोडली तर बसलेला आजार उसळतो. सुंदर आलेखापायी हा धोका घेण्याचं काहीच कारण नाही. एखादं औषध थांबवून तपासायचं असेल तर ते ज्यांनी लिहून दिलं त्याच डॉक्टरांनी ठरवावं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तसं कळवावं. पोटाच्या कॅप्सूलबद्दलही त्यांनाच विचारा.

तपासणीच्या चार-पाच दिवस आधी दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा: "आहे त्या औषधांवरच तपासणी करायची ना?" बहुतेकदा उत्तर "हो" असतं, आणि मग आपलं काम फक्त नोंदीचं उरतं.

तिसरी पायरी: घड्याळ

कार्बिडोपासोबत घेतलेली लेव्होडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्मी होते. त्यामुळे "सकाळी घेतली" ही नोंद निरुपयोगी. ७:४० ला घेतली असेल तर ७:४० लिहा. अपॉइंटमेंट घेताना गोळीच्या वेळा आधी सांगा. गोळीनंतर पाऊण ते एक तासाने, जेव्हा माणूस मोकळा हलतो-बोलतो, तेव्हा तपासणी सुरू झाली तर उत्तम. देवास, उज्जैन, खंडव्याहून येणाऱ्यांचं इथेच बिघडतं. पहाटे निघायचं म्हणून पाचला गोळी, आणि नंबर लागतो साडेअकराला. अशा वेळी गोळी घड्याळाप्रमाणेच घ्यायची. नंबर आला नाही म्हणून ती पुढे ढकलायची नाही. आम्हाला सांगा, आम्ही नंबर हलवू.

नाश्ता नेहमीचा करा. पोहे चालतील. फक्त लेव्होडोपा गोळी दुधासोबत किंवा पनीर-डाळीच्या भरपेट जेवणासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून ती डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानेच.

वेळेचं आणखी एक कारण आहे. पडद्याचं स्वतःचं डोपामिन दिवसभर चढउतार करतं. पहिली तपासणी सकाळी दहाला आणि दुसरी संध्याकाळी पाचला केली, तर औषध न बदलताही फरक दिसू शकतो.

तपासणीच्या दिवशी

मे महिन्यात राजवाड्याकडून स्कूटरवर भर उन्हात आलात तर थेट खुर्चीत बसायचं नाही. अर्धा तास साध्या खोलीच्या उजेडात थांबा. त्याच दिवशी पडद्याचे फोटो किंवा अँजिओग्राफी असेल तर ती ईआरजीनंतर ठेवायला सांगा, कारण फ्लॅशने पडदा दिपलेला असतो.

पॅटर्न ईआरजी आधी करायची, बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी आणि योग्य चष्मा लावून. ही लाट केवळ काही मायक्रोव्होल्टची असते, साध्या ईआरजीच्या कितीतरी पटींनी लहान, म्हणून शंभराहून जास्त उत्तरांची सरासरी काढावी लागते आणि ती निदान दोनदा. पडद्याची वीज टिपायला खालच्या पापणीच्या कडेवर आम्ही चांदीचा मुलामा दिलेला, केसासारखा बारीक धागा ठेवतो. तो बुबुळाच्या खालच्या काठाला ओल्या केसासारखा चिकटून राहतो. एकदा डोळा मिटला की सरकतो आणि मग लाट उगाचच बुटकी येते. पार्किन्सनमध्ये पापण्या कमी मिटतात, डोळा कोरडा पडतो, आणि धागा कोरड्या डोळ्यावर नीट बसत नाही. म्हणून मी अधूनमधून थांबून "काका, दोनदा डोळे मिटा" म्हणते, धागा पुन्हा बघते आणि मगच पुढे जाते. कंप जबड्यात किंवा मानेत असेल तर मानेखाली उशी द्या, दात किंचित विलग ठेवायला सांगा. स्नायूंची वीज पडद्याच्या विजेहून मोठी असते.

थेंब घालण्याआधी तंत्रज्ञाला तीन गोष्टी स्वतःहून सांगा. काचबिंदूचा अरुंद कोन आहे का. ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का, कारण त्याने बाहुली आधीच थोडी मोठी असते. आणि रसॅजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर तेही, कारण फेनिलएफ्रिनच्या थेंबांनी रक्तदाब चढू शकतो. बाहुली किती मिलिमीटर झाली ते मोजून लिहिलं पाहिजे. पडद्यात किती प्रकाश शिरला हे त्याशिवाय कळत नाही.

अंधारातली वीस मिनिटं

नियमाप्रमाणे किमान २० मिनिटं पूर्ण काळोखात बसावं लागतं. घरच्यांनी सगळ्यांत जास्त मदत करायची ती इथे.

सोबतीला एक माणूस आत राहू द्या, पण मोबाइल बाहेर. स्क्रीन एकदा उजळली की वीस मिनिटं पहिल्यापासून मोजावी लागतात; मनगटावरचं स्मार्ट घड्याळही काढा. लेव्होडोपावरच्या काही रुग्णांना अंधारात माणसं, जनावरं दिसतात. त्यांना आधीच सांगा की काळोख होणार आहे, किती वेळ होणार आहे, आणि मी इथेच आहे. हात धरून हळू बोलत राहिलं तरी पुरतं. एकदा एक आजोबा अंधारात घाबरून उठायला लागले, तेव्हा त्यांच्या मुलीने रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि ते तिच्यासोबत शेवटपर्यंत म्हणत बसले.

गोळीची वेळ नेमकी या काळात येत असेल तर ती आधीच पट्टीतून काढून डबीत ठेवा. आम्ही आत मंद लाल दिवा लावू शकतो, पण त्यात लाल अक्षरं दिसेनाशी होतात. हे मी स्वतः अनुभवलंय. उजेडात एका पट्टीवर लाल छपाई होती, दुसरीवर निळी. लाल दिव्याखाली पहिली कोरी चांदी झाली आणि दुसरी काळ्या अक्षरांची. कुठली कुठली, मला छातीठोकपणे सांगता येईना. ती गोळी मी दिली नाही, दिवा लावला आणि पुन्हा वीस मिनिटं मोजली.

यानंतर आधी अगदी मंद लखलखाट, मग तीव्र, आणि दहा मिनिटं उजेडाची सवय करून उजेडातले दोन टप्पे. शेवटच्या टप्प्यात दिवा सेकंदाला ३० वेळा लुकलुकतो. टक लावून समोर बघत राहणं, बाकी रुग्णाला काही करायचं नाही. संपल्यावर झटकन उठू नका. या औषधांनी उभं राहताना रक्तदाब कोसळू शकतो. खुर्चीच्या कडेला दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा, मगच उभे राहा. मोठ्या बाहुल्या घेऊन गाडी चालवायची नाही हे वेगळं सांगायला नको.

रिपोर्ट हातात आल्यावर

दोन आकडे बघायचे: लाटेची उंची आणि ती यायला लागलेला वेळ. दोन्हींची तुलना त्याच केंद्राच्या, त्याच वयोगटाच्या आकड्यांशी करायची. नेटवर सापडलेल्या रिपोर्टशी तुलना करून झोप उडवून घेऊ नका. धागा, मशीन, प्रकाश सगळं वेगळं असतं. आपल्याच दोन रिपोर्टांतही पाच-दहा टक्क्यांच्या फरकाला अर्थ नसतो.

मधुमेह असेल तर मात्र फार सावध वाचन हवं. साखरेमुळे त्या दातेरी लहरी लवकर दबतात, कधीकधी पडद्यावर बघून काही दिसण्याच्याही आधी. आणि मधुमेह्याचं पोट पुष्कळदा मंद चालतं म्हणून त्यालाच लेव्होसल्पिराइड किंवा मेटोक्लोप्रामाइड दिलेली असू शकते. आतल्या थरातलं उत्तर दोन्हीकडून दबू शकतं, आणि आलेखावर कारणाचं नाव छापलेलं नसतं. कॅप्सूलची नोंद नसेल तर डॉक्टर सगळा दोष साखरेला देतील, किंवा साखरेचा दोष औषधावर ढकलून पडद्याची नीट तपासणी राहून जाईल. दोन्हींत नुकसान रुग्णाचं. काकांच्या बाबतीत मला आजही हेच टोचतं.

ईआरजीवरून पार्किन्सनचं निदान होत नाही, गोळीची मात्रा ठरत नाही, "तुमच्या मेंदूत डोपामिन किती" हेही कळत नाही. अमेरिकेत २०१३ साली एका छोट्या प्रयोगात ब्राउनी खाल्ल्यावर आणि मिथाइलफेनिडेट घेतल्यावर ईआरजी वाढलेली दिसली, तेव्हापासून डोळ्यातून डोपामिन मोजण्याची चर्चा अधूनमधून रंगते. संशोधन म्हणून मला ते फार आवडतं. पण कुणी पैसे घेऊन अशी तपासणी करून देतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

पुन्हा करायची वेळ आली तर

तेच केंद्र, तीच वेळ, गोळीनंतर तेवढंच अंतर. मधल्या काळात औषध बदललं असेल तर बदलाची तारीख हवी. आणि शक्य असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या, तसं डॉक्टरांना सांगा.

माझ्या फॉर्मवर आता वेगळा चौकोन आहे. त्यात मी मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, शेवटच्या गोळीची वेळ, पुढच्या गोळीची वेळ, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, वैद्यांची औषधं, त्या क्षणी कंप किती, आणि प्रत्येक टप्पा किती वाजता सुरू झाला हे लिहिते. काकांच्या सूनबाईंनी हाच चौकोन घरी वहीत आखून घेतलाय. जानेवारीत ते तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी वही माझ्यासमोर धरली: लेव्होडोपा १०० अधिक कार्बिडोपा २५, सकाळी ९:१०. मी ९:५० ला पॅटर्न ईआरजी सुरू केली.